एक पार्टी थकली की साखळी कशी अडते? मराठवाड्यातल्या उद्योजक-व्यापाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूजचं प्रेस शॉप, जालन्याची रोलिंग मिल, लातूरची डाळ मिल, बीडचा ऊस वाहतूकदार. धंदे वेगळे, पण सगळे एकमेकांच्या उधारीवर उभे. त्या उधारीतून अडचण कशी सरकते, ती आधी कुठे दिसते आणि कोणत्या दिवशी काय करायचं, एवढ्यासाठी हे पान. उदाहरणांतल्या रकमा समजावण्यासाठी घेतलेल्या आहेत. कायद्यातल्या मुदती आणि मर्यादा मात्र प्रत्यक्षातल्याच आहेत.

एका फर्मची अडचण दुसऱ्या फर्ममध्ये नेमकी कुठून शिरते?

सगळ्यात रुळलेली वाट म्हणजे थकलेलं बिल. ग्राहकाने पैसे लांबवले की तुमचे पैसे अडकतात, मग तुम्ही तुमच्या सप्लायरला लांबवता. ही वाट सगळ्यांना माहीत असते, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिच्यावरच असतं. बाकीच्या वाटा अंगावर येईपर्यंत कळत नाहीत: बँकेची ड्रॉइंग पॉवर (माल आणि येणी बघून बँक जास्तीत जास्त जेवढं उचलू देते ती रक्कम), घरातल्या दुसऱ्या फर्मला दिलेला जामीन, सप्लायरने न भरलेला जीएसटी, आणि "त्या लाइनमध्ये सगळेच अडचणीत आहेत" अशी पसरलेली बोलवा. एकाच वेळी दोन-तीन वाटांनी पाणी शिरलं, तर मूळ थकबाकी छोटी असूनही युनिट बसतं.

आमचं युनिट नफ्यात आहे, ऑर्डर आहेत. मग एका पार्टीमुळे आम्ही का अडकू?

कारण बँक नफा बघून रोजचे पैसे देत नाही, तारखा बघून देते. हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही.

समजा, चिकलठाण्यातल्या एका शीट मेटल युनिटचं ६० लाखांचं कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं बँक कर्ज) आहे. महिनाअखेरीचं स्टॉक स्टेटमेंट असं: माल २० लाख, ९० दिवसांच्या आतली येणी ८४ लाख, मालाची देणी २४ लाख. माल आणि येणी मिळून १०४, त्यातून देणी वजा केली की ८० लाख. २५ टक्के मार्जिन कापलं की ड्रॉइंग पॉवर ६० लाख. (मार्जिन प्रत्येक बँकेचं वेगळं असतं, काही बँका मालाला एक आणि येण्यांना दुसरं लावतात. तुमच्या सँक्शन लेटरमध्ये बघा.) खात्यातून ५४ लाख वापरलेले. सगळं ठीक.

आता मोठ्या पार्टीची २८ लाखांची बिलं ९१ व्या दिवसात गेली. पार्टी पळालेली नाही, फोन उचलते, "पुढच्या आठवड्यात करतो" म्हणते. बुडालं काहीच नाही. पण ९० दिवसांवरची येणी बँक धरत नाही. येणी ५६ लाखांवर आली, निव्वळ रक्कम ५२, ड्रॉइंग पॉवर ३९. वापरलेले ५४ तसेच आहेत, म्हणजे १५ लाखांची जादा उचल. आता खात्यातून नवा रुपया निघत नाही. पत्र्याच्या सप्लायरला दिलेला चेक परत जातो, आणि त्याच्या वहीत तुम्ही "९० दिवसांवरची पार्टी" बनता. त्याची ड्रॉइंग पॉवर कमी होते. तिथून पुढे तो त्याच्या वरच्याला थकवतो.

ही जादा उचल ३० दिवसांपुढे राहिली की खातं एसएमए-१ (बँकेच्या धोक्याच्या यादीतली पायरी), ६० दिवसांपुढे एसएमए-२ आणि ९० दिवसांपुढे एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. एनपीए एका खात्याचं होत नाही, कर्जदाराचं होतं. कॅश क्रेडिट बिघडलं तर त्याच बँकेतलं तुमचं नियमित हप्त्याचं मशीन लोनही त्यात ओढलं जातं.

म्हणून थकबाकी किती आहे यापेक्षा ती ९० दिवसांची रेषा कोणत्या तारखेला ओलांडणार, हे आधी बघा. येण्यांची यादी पार्टीनुसार सगळेच ठेवतात. तारखेनुसार ठेवा: ०-३०, ३१-४५, ४६-६०, ६१-९०, ९० च्या वर.

आमचे चार मोठे ग्राहक आहेत. मग धोका वाटला गेलेलाच आहे ना?

त्या चौघांचा माल पुढे कुठे जातो, ते विचारा. वाळूज किंवा शेंद्र्यात असे कितीतरी वर्कशॉप आहेत ज्यांचे चार ग्राहक चार वेगळ्या शेडमध्ये बसतात, पण चौघांचं शेड्यूल एकाच वाहन कंपनीकडून येतं. वहीत चार नावं, प्रत्यक्षात ग्राहक एकच. त्या कंपनीने महिन्याचं उत्पादन कमी केलं की चारही ठिकाणची बिलं एकाच महिन्यात लांबतात.

याची उलटी बाजू २००८ मध्ये अमेरिकेत दिसली. जनरल मोटर्स आणि क्रायसलर सरकारकडे मदत मागत होत्या. फोर्डला तेव्हा तातडीच्या पैशाची तशी गरज नव्हती. तरीही फोर्डचे प्रमुख ॲलन मुलाली अमेरिकन संसदेपुढे जाऊन प्रतिस्पर्धी कंपन्यांना वाचवा, असं सांगत होते. कारण तिघांचे सुटे भाग पुरवणारे बहुतांशी तेच होते. जनरल मोटर्स बुडाली असती तर पुरवठादार बुडाले असते, आणि सुट्या भागांविना फोर्डची लाइन थांबली असती. म्हणजे ज्या फर्मशी तुमचा एक रुपयाचा व्यवहार नाही, तिचं दिवाळंही सामाईक सप्लायरच्या वाटेने तुमच्या दारात येऊ शकतं.

प्रत्येक मोठ्या ग्राहकापुढे दोन गोष्टी लिहून ठेवा: त्याचा सगळ्यात मोठा ग्राहक कोण, आणि त्याची बँक कोणती. दोन्हींची उत्तरं बहुतेक वेळा चहाच्या गप्पांत मिळतात.

सप्लायर अडचणीत आला तर आपल्याला काय? माल दुसऱ्याकडून घेऊ.

पत्रा, बेअरिंग, पुठ्ठ्याचे बॉक्स दुसऱ्याकडून मिळतील. पण तुमची डाय त्याच्या शेडमध्ये असेल तर? जॉबवर्कला दिलेला तुमचा माल त्याच्याकडे पडून असताना बँकेने शेडला सील लावलं, तर तो माल तुमचा आहे हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. डाय आणि फिक्श्चरवर स्वतःच्या फर्मचं नाव पंच करा, डिलिव्हरी चलनांची फाइल ठेवा, वर्षातून एकदा "अमुक डाय, अमुक किलो माल तुमचा, आमच्या ताब्यात" असं लेटरहेडवर सहीशिक्क्याने घ्या. मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराबाबत तर आणखी जपा: त्याने कामगारांचे पगार बुडवले तर ते देण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या मूळ मालकावर, म्हणजे तुमच्यावर येते.

जीएसटीमुळे अडचण कशी पसरते?

दोन्ही बाजूंनी. विक्रीवरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा असतो, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. २४ लाखांच्या विक्रीवर १८ टक्क्यांनी ४ लाख ३२ हजार. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट वजा जाऊन उरलेले पैसे खिशातून. पुढे ती पार्टी कायमची बुडाली तरी भरलेला कर बुडीत म्हणून परत मिळत नाही. (तिमाही योजनेत रिटर्नच्या तारखा वेगळ्या, तत्त्व तेच.)

दुसरी बाजू खरेदीची. सप्लायरने बिल दाखवलं पण जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं रिटर्न) भरलंच नाही, तर आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत वाट बघितली जाते. तोवर त्याने भरलं नाही तर ३० नोव्हेंबरपर्यंत तुम्हाला ते क्रेडिट उलटवावं लागतं. त्याने नंतर भरलं तर ते परत घेता येतं, पण मधल्या काळात रोकड तुमची गेली. आणि तुम्हीच सप्लायरला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्या बिलाचं क्रेडिट व्याजासह परत करायचं. थकवणाऱ्याला हा फटका नेमका त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात बसतो.

आपल्या भागातल्या धंद्यांत ही साखळी कशी चालते?

प्रत्येक धंद्याची चाल वेगळी, म्हणून इलाजही एकसारखा नाही.

*जालन्याचं स्टील.* भंगार, इंडक्शन फर्नेस, बिलेट, रोलिंग, सळई, डीलर, कंत्राटदार. शेवटच्या टोकाला सरकारी काम असलं तर सगळ्या साखळीचे पैसे एका बिलाच्या मंजुरीवर थांबतात. कंत्राटदाराचं बिल निघालं नाही की डीलर थकतो, डीलर थकला की मिल. मिलचं एक देणं मात्र थांबत नाही, ते विजेचं. बिल थकलं तर वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन जोडणी तोडता येते. त्यामुळे हातात पैसे कमी असले की मिल आधी वीज भरते आणि भंगारवाल्याला थांबवते. भंगार पुरवणारे लहान असतात, रोखीत माल गोळा करतात. दोन आठवडे पैसे अडले की त्यांची गाडी उभी राहते.

*लातूर, हिंगोली, परभणीचा मोंढा.* इथे उधारीचा भार आडत्यावर. शेतकऱ्याला पैसे लगेच द्यायचे, आणि मिलकडून किंवा व्यापाऱ्याकडून नंतर घ्यायचे. मधले दिवस आडत्याच्या भांडवलावर चालतात. एका खरेदीदाराने हात वर केले तर एकाच दिवशी अनेक आडत्यांचे पैसे अडकतात, कारण त्याची खरेदी सगळ्यांच्या पाट्यांवरून झालेली असते. दुसऱ्या दिवशी ते आडते बाकीच्या खरेदीदारांनाही उधार द्यायला कचरतात. सौद्यात बोली लावणारे कमी, भाव खाली. गोदामातल्या सोयाबीनवर किंवा तुरीवर ज्यांनी कर्ज घेतलंय, त्यांच्या तारणाची किंमत या घसरणीने कमी होते आणि बँक वरचे पैसे मागते. ते भरायला माल विकायचा, तो विकला की भाव आणखी खाली. ज्या मिलचा त्या बुडालेल्या खरेदीदाराशी काहीच संबंध नव्हता, तिलाही हा फटका बसतो, फक्त भावाच्या वाटेने.

*साखर कारखाना.* ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) देणं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार बंधनकारक आहे, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. थकल्यास साखर आयुक्त वसुलीचा आदेश काढतात आणि जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करू शकतात. पण कारखान्याच्या अडचणीचा दुसरा धागा आधी ताणला जातो, तो तोडणी-वाहतुकीचा. हंगामाआधी उचल निघते: कारखाना वाहतूकदाराला देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम बीड-धाराशिवकडच्या कोयत्यांना, म्हणजे तोडणीच्या जोडप्यांना. पुष्कळ ठिकाणी हे पैसे वाहतूकदाराच्या नावावरच्या बँक कर्जातून येतात आणि कारखाना त्याला हमी असतो. टोळी आली नाही तर कर्ज वाहतूकदाराच्या नावावर राहतं. कारखान्याने वाहतुकीचं बिल थकवलं तर ट्रॅक्टरचा हप्ता चुकतो. म्हणजे मधल्या माणसाला खालूनही धोका आणि वरूनही. वाहतूकदाराने करारावर सही करण्याआधी एवढं तरी बघावं: कर्ज कुणाच्या नावावर आहे, हमीपत्राची प्रत आपल्याकडे आहे का, आणि बिलातून हप्ता थेट कापला जातो की आपण भरायचा.

भावाच्या फर्मला मी जामीन आहे. त्याच्या अडचणीचा माझ्या फर्मशी काय संबंध?

पूर्ण संबंध. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. बँकेने आधी भावाची मालमत्ता विकावी, मगच माझ्याकडे यावं, असा आग्रह धरता येत नाही.

मराठवाड्यात ही वाट सगळ्यात जास्त घरं बुडवते, असं आमचं स्पष्ट मत आहे. एका घरात जिनिंग, पेट्रोल पंप आणि बांधकामाची फर्म असते. तीन फर्म, तीन कर्जं, आणि तारण मात्र तेच एक घर आणि तोच एक प्लॉट. जिनिंगचा हंगाम वाईट गेला की पंपाच्या खात्यातून पैसे तिकडे वळवले जातात. पहिल्यांदा आठवड्यासाठी, मग महिन्यासाठी. पंपाचा टँकर उचलायला पैसे कमी पडले की चांगला चाललेला धंदाही आजारी. त्यात बँकेच्या करारात सहसा एक अट असते: समूहातल्या कुणाचंही खातं बिघडलं तर आम्ही सगळ्यांची कर्जं परत मागू शकतो.

काय करता येतं? फर्म-फर्ममधले पैसे ठरावाने आणि कर्ज म्हणूनच द्या, तोंडी नको. एका फर्मने दुसरीला जास्तीत जास्त किती द्यायचं, तो आकडा घरात बसून आधी ठरवा. तारण वेगळं करता येत असेल तर नूतनीकरणाच्या वेळी बँकेकडे लेखी मागा. आणि ज्या फर्ममधून तुम्ही बाहेर पडलात तिथला जामीन आपोआप सुटत नाही. बँकेचं मुक्ततेचं पत्र हातात येईपर्यंत तो तुमच्या डोक्यावरच असतो.

आमचा कुणाशीच संबंध नसताना बँकेने आमचं लिमिट का रोखलं?

कर्ज देणाऱ्याला चांगला-वाईट ओळखता आलं नाही की तो सगळ्यांनाच थांबवतो. २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारा आयएल अँड एफएस समूह सुमारे ९१ हजार कोटींच्या कर्जासह बुडाला. ऑगस्टपर्यंत त्याला सर्वोच्च पतमानांकन होतं, सप्टेंबरमध्ये हप्ते चुकले, १ ऑक्टोबरला सरकारने संचालक मंडळ बदललं. मानांकनावरचा विश्वासच उडाल्यामुळे म्युच्युअल फंड आणि बँका बाकीच्या वित्त कंपन्यांनाही पैसे देताना हात आखडू लागल्या. त्या वित्त कंपन्यांकडून वाहनकर्ज आणि छोट्या उद्योगांची कर्जं निघत होती, ती मंदावली. आयएल अँड एफएसचं नावही न ऐकलेल्या माणसाची फाइल अशी अडते.

तालुक्याच्या पातळीवरही हेच होतं. एका धंद्यातली दोन-तीन खाती बिघडली की शाखा व्यवस्थापक त्या धंद्याच्या पुढच्या सगळ्या फाइली बाजूला ठेवतो. त्याला तुमच्या शब्दापेक्षा कागद लागतो. वेळच्या वेळी स्टॉक स्टेटमेंट, सहा महिन्यांचे जीएसटी रिटर्न आणि तारखेनुसार येण्यांची यादी स्वतःहून नेऊन द्या. त्याला वरच्या ऑफिसला दाखवायला काहीतरी मिळतं.

बँकेवर किंवा पतसंस्थेवरच निर्बंध आले तर?

चालू खात्यातले पैसे त्या दिवशी गोठतात आणि पगार, जीएसटी, सप्लायर सगळं एकदम अडतं. बँकेत, नागरी सहकारी बँकेतसुद्धा, प्रत्येक ठेवीदाराला सगळी खाती मिळून ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे (फेब्रुवारी २०२० पासून), आणि निर्बंध आल्यावर ही रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागू नाही. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी धंद्याचं खेळतं भांडवल पतसंस्थेत ठेवू नका. आणि दोन वेगळ्या बँकांत चालू खाती ठेवायची असतील तर कर्ज देणाऱ्या बँकेची परवानगी घ्या.

पार्टी घसरतेय हे आधी कसं ओळखायचं?

पेमेंटची पद्धत बदलते, ते बघा. बिल ३,४७,८६० चं आणि पैसे येतात गोल एक लाख. आधी बिलागणिक पैसे यायचे, आता "खात्यावर जमा". पुढच्या तारखेचा चेक देऊन "मला विचारल्याशिवाय टाकू नका" म्हणणं. चार महिन्यांपूर्वी पास झालेल्या मालावर अचानक रिजेक्शनची डेबिट नोट. पैसे भलत्याच फर्मच्या खात्यावरून येणं. अकाउंटंट सोडून जाणं; हे लक्षण आम्ही फार गंभीर मानतो, कारण आतले आकडे त्याला सगळ्यात आधी माहीत असतात.

बसल्या जागी तपासता येणाऱ्या गोष्टीही आहेत. जीएसटी पोर्टलवर जीएसटी नंबर टाकून करदाता शोधला की रिटर्न कोणत्या तारखेला भरलं ते दिसतं. तीन महिने सलग उशीर दिसला तर फोन करा. ईपीएफओच्या पोर्टलवर आस्थापना शोधून पीएफ कोणत्या महिन्यापर्यंत आणि किती कामगारांचा भरला ते कळतं. कामगारांचा आकडा १४० वरून ९० वर आला असेल तर ते तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही. खासगी कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर तिच्या मालमत्तेवर कुणाकुणाचा बोजा आहे ते पाहता येतं. जुनी बँक जाऊन महागड्या वित्त कंपनीचा बोजा आला असेल तर कारण विचारा.

एका पार्टीला जास्तीत जास्त उधारी किती द्यावी?

टक्केवारीचे नियम सांगितले जातात. आम्ही साधी परीक्षा सुचवतो: या पार्टीकडून पुढचे ९० दिवस एक रुपयाही आला नाही, तर पगार, वीज, हप्ते, जीएसटी आणि बाकीच्या ऑर्डरींचा कच्चा माल निघतो का? हातातली रोकड, वापरायची राहिलेली ड्रॉइंग पॉवर (ती पार्टी वगळून मोजलेली) आणि बाकीच्या ग्राहकांची खात्रीची वसुली मिळवा, त्यातून हे खर्च वजा करा. उरेल ते तुमचं खरं बळ. उणे आलं तर उधारी आजच जास्त आहे.

मोठ्या कंपनीला माल देत असाल तर ट्रेड्सवर (बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर) बिल टाका. तुम्ही बिल चढवता, कंपनी ते मान्य करते, बँका त्यावर बोली लावतात आणि तुम्हाला पैसे मिळतात. मुदतीला कंपनीने पैसे दिले नाहीत तरी वसुली तुमच्याकडून होत नाही. साखळी तुटते ती इथे. वार्षिक उलाढाल २५० कोटींवर असलेल्या कंपन्यांना या व्यवस्थेत नोंदणी बंधनकारक केली आहे. नोंदणी असूनही पुष्कळ कंपन्या बिल मान्य करायला टाळाटाळ करतात, म्हणून ही अट ऑर्डर घेतानाच लिहून घ्या.

पैसे थकले. कोणत्या दिवशी काय करायचं?

माल पोचला त्या दिवसापासून मोजा. खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं कायदा मानतो, आणि तारीख पोचल्याचीच धरली जाते. म्हणून गेट एन्ट्रीचा शिक्का आणि तारीख असलेलं चलन जपा. एमएसएमई कायदा २००६ नुसार लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के, म्हणजे १० लाखांवर सहा महिन्यांत सुमारे ९३ हजार.

४६ व्या दिवशी व्याजासह मागणीचं पत्र ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने. ६० व्या दिवसाच्या सुमारास येणं-बाकीची लेखी कबुली मागा. दावा करण्याची तीन वर्षांची मुदत संपण्याआधीची सही केलेली कबुली मुदत नव्याने सुरू करते. तरी हालचाल नसेल तर एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे (लहान उद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे) अर्ज. परिषदेचा निकाल विरुद्ध गेला तर खरेदीदाराला आव्हान देण्याआधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, हे या मार्गाचं खरं बळ. निकालाला कायद्यात ९० दिवस आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात.

उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) माल देण्याआधीची हवी. थकल्यावर नोंदणी काढून आधीच्या बिलांवर हा हक्क मागायला गेलं की खरेदीदाराचा वकील पहिला आक्षेप तोच घेतो. केवळ ट्रेडिंग करणाऱ्यांना या कलमांचा लाभ नाही.

चेक परत आला असेल तर घड्याळ वेगळं: बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर त्याला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. एक तारीख चुकली तरी प्रकरण लटकतं.

माल बंद करावा की चालू ठेवावा?

सगळ्या सप्लायरनी एकाच आठवड्यात माल बंद केला तर तरू शकणारी पार्टीही मरते, आणि मग सगळ्यांचंच जुनं बुडतं. सगळ्यांनी देत राहिलं तर खड्डा मोठा होतो. मधला मार्ग आहे: नवा माल रोखीत, जुनं हप्त्यात. २० लाख जुने अडकले असतील तर प्रत्येक नव्या २ लाखांच्या डिलिव्हरीला २ लाख आधी आणि वर २० हजार जुन्यापोटी. दोन वेळा हे पाळलं गेलं तर पार्टीकडे पैसा फिरतोय. पहिल्याच वेळी मोडलं तर उत्तर मिळालं.

तिघेही एकमेकांना देणं लागतात आणि कुणाकडेच रोकड नाही. वळतं करता येतं का?

येतं, आणि हा उपाय फार कमी वापरला जातो. अ ने ब ला १२ लाख, ब ने क ला ९ लाख, क ने अ ला ७ लाख द्यायचेत. एकूण २८ लाखांची देणी. सगळ्यात लहान रक्कम ७ लाख, ती तिन्हीतून वजा करा. उरलं: अ कडून ब ला ५, ब कडून क ला २, क मोकळा. २८ चे ७ लाख झाले, एक रुपया न हलता. तिघांच्या सहीचं पत्र, बिलांचे नंबर आणि तारखा, तिन्ही वह्यांत एकाच दिवशी नोंद, आणि आधी सीएचा सल्ला. माल न देता नुसती बिलं फिरवणं हा वेगळाच प्रकार आहे. तो फौजदारी गुन्हा आहे, त्याच्या जवळही जाऊ नका.

ग्राहक कंपनी दिवाळखोरीत गेली. आमचं काय?

एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) अर्ज दाखल करून घेतला की स्थगिती लागते. जुन्या पैशांसाठीचे दावे, वसुली, जप्ती थांबतात आणि एरवीसारखं परस्पर वळतं करणंही चालत नाही. जाहीर सूचनेत दाव्याची शेवटची तारीख असते, मुदत साधारण १४ दिवसांची. माल पुरवणाऱ्याने फॉर्म बी भरायचा: बिलं, चलनं, बँक स्टेटमेंट, ईमेल. कामगारांचा फॉर्म डी. जुन्या येण्यापैकी पुरवठादाराच्या हाती अनेकदा फारच थोडं लागतं, तशी तयारी ठेवा.

पण प्रक्रिया सुरू झाल्यानंतर दिलेला माल वेगळा. तो प्रक्रियेचा खर्च धरला जातो आणि सगळ्यांच्या आधी चुकता होतो. त्या तारखेला जुनं खातं बंद करा, नवं उघडा, आणि रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या (या प्रक्रियेसाठी नेमलेल्या व्यावसायिकाच्या) लेखी ऑर्डरशिवाय एक नगही देऊ नका. जुन्या आणि नव्या बिलांची सरमिसळ झाली की हा हक्क सिद्ध करणं जड जातं.

पार्टीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज स्वतः करायचा तर थकबाकी किमान १ कोटी हवी (मार्च २०२० आधी ती १ लाख होती), आणि समोर कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) हवी. प्रोप्रायटरी किंवा साध्या भागीदारी फर्मवर हा मार्ग चालत नाही. तिथे सुविधा परिषद, चेकची तक्रार किंवा दिवाणी दावा.

आम्हीच अडचणीत आलो. पैसे कमी आहेत, आधी कुणाला द्यायचे?

आधी बँकेत जा, खातं एनपीए व्हायच्या आत. २५ कोटींपर्यंतच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेची २०१६ ची पुनरुज्जीवन चौकट आहे, त्यात कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो आणि समितीने प्रस्ताव तपासायचा असतो. सोबत पुढच्या १३ आठवड्यांचा तक्ता न्या: दर आठवड्याला कोणाकडून किती येणार, कुणाला किती जाणार.

पैशांचा क्रम आमच्या मते असा: पगार आणि पीएफ, वीज, कामगारांच्या पगारातून आणि बिलांतून कापलेला टीडीएस, जीएसटी, मग लहान सप्लायर, मग मोठे. लहान सप्लायर आधी का? तुमचे दीड लाख थकल्याने बजाजनगरातला लेथवाला महिनाभरात बंद पडतो, पोलाद कंपनीच्या डेपोला ते जाणवतही नाही. आणि तो बंद पडला तर तुमचा पुढचा जॉब कुणाकडे नेणार? घरच्या फर्मला किंवा नातेवाइकांना या काळात जुनी देणी फेडू नका. कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली तर संबंधितांना दिलेली मागच्या दोन वर्षांतली आणि इतरांना दिलेली एका वर्षातली पक्षपाती देणी उलटवता येतात.

ज्यांना थांबवणार आहात त्यांना तारीख सांगा, आणि ती पाळता येईल अशीच सांगा. "बघतो" म्हटलं की समोरचा त्याच्या तक्त्यात तुमचे पैसे धरून चालतो. "१८ तारखेला ४० हजार, बाकी पुढच्या महिन्यात" असं लेखी कळवलं तर तो त्याच्या बँकेशी, त्याच्या सप्लायरशी त्या हिशोबाने बोलू शकतो. १८ तारखेला ४० हजार जमणार नसतील तर १६ लाच फोन करा.